हात हँडलवर, पिस्तूल कुठे?

पत्र, थोडक्यात: टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ३८, ग्रीन कार्ड, आठ वर्षांचा मुलगा. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी असते आणि मोटरसायकलवरून जाणं-येणं. काही महिन्यांपूर्वी रात्री एका पिकअप ट्रकने दहा मिनिटं त्यांचा पाठलाग केला. सिग्नलला चालक उतरून त्यांच्याकडे चालत आला. "माझे दोन्ही हात हँडलवर होते," असं त्या लिहितात. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि त्या निघून गेल्या. नंतर त्यांनी प्रशिक्षण घेऊन परवाना काढला आणि ९ मिलिमीटरचं छोटं पिस्तूल घेतलं. आता ते बाईकवर कुठे ठेवायचं यावर घरात एकमत नाही. नवरा म्हणतो टाकीवरच्या बॅगेत, मैत्रीण म्हणते पाठपिशवीत. त्यांचा स्वतःचा कल कमरेच्या मागे, मणक्यावर ठेवण्याकडे आहे, कारण तिथे ते दिसत नाही. शनिवार-रविवारी त्या गटाबरोबर लांबच्या फेऱ्यांनाही जातात. रुग्णालयात शस्त्राला बंदी आहे. त्यांचा प्रश्न आहे: "चटकन हाताशी येईल आणि कुणाला दिसणारही नाही, अशी जागा कोणती?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. हात हँडलवर असल्याचं तुम्ही असहायतेची खूण म्हणून लिहिलं आहे. मला ते वाक्य वेगळं वाटलं. त्या रात्री तुमचे हात हँडलवर होते म्हणूनच तुम्ही सुटलात. सिग्नल हिरवा झाला, क्लच सुटला, थ्रॉटल दिला आणि तो माणूस आरशात लहान होत गेला. उजवा हात त्या क्षणी कमरेकडे गेला असता तर थ्रॉटलही गेला असता आणि पुढचा ब्रेकही. जाड हातमोज्याचं बोट, हेल्मेटमुळे कमी झालेली नजर, दोन पायांमध्ये तोललेली दोनशे किलोची गाडी. अशा अवस्थेत पिस्तूल काढणं हे नेमबाजीत मुरलेल्यालाही जमेलच असं नाही, आणि जमलं तरी त्याने परिस्थिती सुधारेल याची खात्री कुणी देऊ नये.

मी गेली बरीच वर्षं मोटरसायकल चालवते आणि त्यातली काही वर्षं नवख्यांना शस्त्रसुरक्षेचे प्राथमिक धडे देत आले आहे. तुमच्या प्रश्नातला "चटकन हाताशी" हा भाग आधी खोडून टाका. चालत्या बाईकवर पिस्तूल काढायची वेळ येत नाही, येऊ द्यायची नसते. तिथे सुटकेचं साधन गाडीच आहे. ही अट खोडली की प्रश्न बदलतो. मी पडले तर हे कुठे जाईल? माझ्या शरीरात काय घुसवेल? आणि घरातून निघून घरी परतेपर्यंत मला त्याला किती वेळा हात लावावा लागेल?

पडण्यापासूनच सुरुवात करते, कारण शस्त्राबद्दल विचारणाऱ्या पत्रांत त्याचा उल्लेख क्वचित असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये या देशात ६,३३५ मोटरसायकलस्वार रस्त्यावर मृत्युमुखी पडले. तेवढंच अंतर कापताना मोटारीत बसलेल्यांच्या तुलनेत स्वाराच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे २८ पट होतं. संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरात ९०० अपघातांच्या जागी जाऊन जो अभ्यास केला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दिसलं होतं की बाईक आणि दुसरं वाहन यांच्या टकरींत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या चालकाची होती. बाईकचा हक्काचा रस्ता त्याने अडवला होता. म्हणजे तुम्ही कितीही नीट चालवलंत तरी एक दिवस रस्त्यावर आडव्या होण्याची शक्यता आहे, आणि ती त्या पिकअपवाल्यासारखा माणूस पुन्हा भेटण्याच्या शक्यतेपेक्षा बरीच मोठी आहे. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानाची, जागा ठरवताना कोणता धोका आधी धरायचा, एवढंच त्यातून ठरतं.

आता तुमच्या मनातली जागा. कमरेमागे, मणक्यावर. मीही सुरुवातीला तिथेच ठेवत होते आणि कारणही तुमचंच, तिथे दिसत नाही. एका पावसाळी सकाळी वळणावर ओल्या पानांवरून पुढचं चाक सरकलं. वेग ताशी जेमतेम १५ मैल. मी आधी बाजूवर पडले आणि मग घसरत पाठीवर आले. जॅकेट उत्तम होतं, हातमोजे उत्तम होते, कोपराला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री आरशात पाठ पाहिली तेव्हा मणक्याच्या अगदी लगत काळानिळा वळ उठलेला होता आणि त्यात पिस्तुलाची मागची बाजू ओळखू येत होती. तीन आठवडे खुर्चीत टेकता येत नव्हतं. वेग ४५ असता तर हे पत्र मी कुठून लिहिलं असतं, कुणास ठाऊक. पाठीचं चिलखत मणक्याला वाचवण्यासाठी असतं. त्याच्या खाली आपणच लोखंडाचा तुकडा बांधायचा, हे मला त्या दिवसानंतर कधीच पटलं नाही. तुम्हीही ते करू नका.

पाठपिशवीला तोच दोष लागू पडतो, शिवाय दोन आणखी. पिशवीत किल्ल्या, डबा, चार्जर यांच्यासोबत पिस्तूल असेल आणि त्याचा ट्रिगर कडक आवरणाने झाकलेला नसेल, तर काय कशात अडकेल ते सांगता येत नाही. आणि पिशवी आपण सवयीने काढून ठेवतो. पंपावर हँडलला अडकवतो, उपाहारगृहात खुर्चीला टांगतो. पिस्तूल असलेली वस्तू अंगावेगळी झाली की ते पिस्तूल तुमच्या ताब्यात राहत नाही.

टाकीवरची बॅग तुमच्या नवऱ्याला सोयीची वाटते ते समजू शकते. डोळ्यांसमोर असते, चुंबकाने किंवा पट्ट्याने बसते. पण धडकेत तुम्ही एका दिशेला जाता आणि बाईक दुसऱ्या. तुम्ही रस्त्यावर पडलेल्या, मदतीला धावलेली माणसं भोवती, आणि भरलेलं पिस्तूल तीस फुटांवर फाटक्या बॅगेत, कदाचित एखाद्या मुलाच्या पायाशी. ती जागा बाद.

घोट्याला बांधलं तर गिअर टाकणारा पाय किंवा ब्रेकचा पाय अडतो, आणि बाईक आडवी पडते तेव्हा बहुधा पायच खाली सापडतो. काखेतल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल बहुतेक वेळा आडवं बसतं, म्हणजे नळीचं तोंड मागे बसलेल्या माणसाकडे किंवा मागून येणाऱ्या मित्राकडे रोखलेलं. अमेरिकी शस्त्रप्रशिक्षक जेफ कूपर यांच्या चार सुरक्षा नियमांतला एक असा आहे की ज्याचा नाश करायची तयारी नाही त्याच्यावर नळी फिरू द्यायची नाही. होल्स्टरमध्ये असताना ट्रिगर झाकलेला असतो हे खरं, तरी काढताना-घालताना ती नळी सगळ्यांवरून फिरते.

पोटासमोरची जागा हल्ली लोकप्रिय आहे आणि पायी चालताना ती चांगलीही असू शकते. पण तुमची बाईक कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढे वाकून बसायची असेल तर मूठ पोटात रुतेल आणि नळी मांडीच्या मोठ्या धमनीकडे राहील. शिवाय समोरून धडक बसली की स्वाराचं ओटीपोट टाकीवर आदळतं, ही अपघातातली नेहमीची जखम आहे. त्या दोघांच्या मध्ये पिस्तूल असू नये.

राहते कंबरेची बाजू. घड्याळासारखं मोजलं तर बेंबी बाराला, मणका सहाला. उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्यांसाठी तीन ते चारच्या मध्ये, कंबरेच्या हाडाच्या टोकावर नाही तर किंचित मागे, पँटच्या आत. ही जागा निर्धोक नाही. उजवीकडे पडलात तर लागेल. पण तिथे मांस आहे, मणका दूर आहे, नळी खाली जमिनीकडे आहे आणि पिस्तूल अंगाला घट्ट आहे. मला विचाराल तर अंगावर बाळगायचंच असेल तेव्हा एवढी एकच जागा मी सुचवेन. बायकांच्या कंबरेच्या वळणामुळे मूठ बरगडीत टोचते ही तक्रार खरी आहे. होल्स्टर थोडं खाली घेता येतं, किंवा आतल्या बाजूला फोमचा तुकडा लावून तिरपेपणा जुळवता येतो. दोन-तीन दिवस घरात रिकाम्या पिस्तुलासह वापरून पाहा आणि मगच ठरवा.

होल्स्टर कसं हवं? कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगरचा सगळा भाग झाकणारं, तुमच्याच मॉडेलसाठी घडवलेलं. कापडी पोटपट्टे नकोत, कारण कापडाबाहेरून ट्रिगर दबू शकतो. एका क्लिपऐवजी दोन क्लिपांचं घ्या आणि त्यासाठी बनवलेला जाड पट्टा वापरा. मला बाईकसाठी अंगठ्याने उघडायची कडी असलेलं होल्स्टर पसंत आहे. काढायला वेळ जास्त लागतो, पण आपण ती अट आधीच खोडली आहे. पिस्तूल पूर्ण रिकामं करा, मॅगझिन (गोळ्यांची काढता येणारी पेटी) बाजूला ठेवा, चेंबर (डागायची गोळी बसते ती नळीच्या मागची जागा) डोळ्याने आणि बोटाने दोन्ही तपासा. मग होल्स्टर पलंगावर उलटं धरून जोरात हलवा. पिस्तूल सुटून पडलं तर ते होल्स्टर रस्त्यासाठी नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी मोटारीत फिरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इंजिनाच्या कंपनांनी होल्स्टरचे स्क्रू ढिले होतात. निळ्या रंगाचं स्क्रू पक्के करणारं द्रव्य एक थेंब लावा आणि महिन्यातून एकदा तपासा. पावसात किंवा घामात फिरून आल्यावर पिस्तूल पुसून तेलाचा हात फिरवायलाही विसरू नका.

आता जॅकेट. हवेने जॅकेटची कड वर उडते आणि पुढे वाकलं की पाठीचा खालचा भाग उघडा पडतो. बाईक स्टँडवर लावून, रिकाम्या पिस्तुलासह पूर्ण पोशाखात बसा आणि नवऱ्याला चारी बाजूंनी फोटो काढायला सांगा. हात हँडलवर ठेवून, मागे वळून पाहताना, एक पाय जमिनीला टेकवून. जॅकेट पँटला जोडायची चेन असेल तर ती लावाच. एअरबॅग असलेलं जाकीट वापरत असाल तर फुगताना होल्स्टर कुठे दाबलं जाईल तेही बघा.

आणि त्या जॅकेटच्या कडेला असते ती दोरी. हे सांगण्यासाठी मी थोडी थांबते, कारण माझ्या बाबतीत ते थोडक्यात टळलं. एका हिवाळ्यात घरी पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवत होते. शेवटच्या अर्ध्या इंचाला काहीतरी अडतंय असं वाटलं. अशा वेळी हात आपोआप थोडा जोर लावतो. मी नाही लावला, खाली पाहिलं. जॅकेटची कड आवळायच्या दोरीचा प्लास्टिकचा मणी होल्स्टरच्या तोंडातून आत गेला होता आणि ट्रिगरच्या अगदी पुढ्यात बसला होता. वाटाण्याएवढा काळा मणी. मी जोर लावला असता तर ट्रिगर त्या मण्यानेच दाबला असता आणि नळी माझ्याच मांडीकडे होती. अशा दोऱ्यांनी गोळ्या सुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तेव्हापासून मी होल्स्टरमध्ये पिस्तूल घालताना नेहमी कपडा दुसऱ्या हाताने पूर्ण वर धरते, होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघते आणि सावकाश घालते. परत ठेवण्याची घाई असण्याचं एकही कारण नसतं.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. आजच्या बहुतेक पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आतून अडसर असतो. चांगल्या होल्स्टरमध्ये ती सुरक्षित राहतात. तरी तुम्ही नवीन आहात, म्हणून निदान पहिलं वर्ष बाईकवर चेंबर रिकामं ठेवा. बरेच प्रशिक्षक याच्याशी सहमत होणार नाहीत. ते पायी चालणाऱ्या माणसाचा विचार करतात, मी पडणाऱ्या माणसाचा करते. मात्र एकदा ठरवलं की वाटेत कुठेही भरणं-उतरवणं करायचं नाही. चुकून गोळी सुटण्याच्या घटना बहुतेक वेळा पिस्तूल हाताळताना घडतात, ते होल्स्टरमध्ये निवांत असताना क्वचितच.

आणि इथेच तुमच्या रोजच्या ये-जा करण्याचा खरा प्रश्न येतो. तो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे. रुग्णालयात शस्त्राला बंदी आहे. मग रोज रात्री तिथे पोचल्यावर त्या पिस्तुलाचं काय करणार?

मोटारवाल्याला निदान डिकी असते. तुम्ही अंधाऱ्या पार्किंगमध्ये जॅकेट वर करून पिस्तूल काढणार, बाजूच्या पेटीत ठेवणार आणि पहाटे, दहा-बारा तासांची पाळी करून थकलेल्या डोळ्यांनी ते परत कमरेला लावणार. दिवसातून दोनदा, आठवड्यातून चार-पाच दिवस. तो मण्याचा प्रसंग आठवा. शिवाय तुम्हाला पेटीशी वाकलेलं पाहणारा माणूस तुम्ही आत गेल्यावर तिथेच असेल. बाईकच्या पेटीचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं, आणि दोन धडधाकट माणसं अख्खी बाईक उचलून व्हॅनमध्ये घालू शकतात. पोलादी छोटी तिजोरी पेटीच्या तळाला बोल्टने बसवली तरी ती बाईकबरोबरच जाईल.

टेक्सासच्या कायद्यात मालकाच्या पार्किंगमध्येही कर्मचाऱ्याला आपल्या वाहनात कायदेशीर शस्त्र ठेवण्याची सवलत आहे. पण त्यातले शब्द "कुलूपबंद, खासगी मालकीचं मोटार वाहन" असे आहेत. मोटरसायकलला दारं नसतात. त्या शब्दांचा कीस काढत नोकरी पणाला लावू नका. आणि चुकून कमरेला ठेवून आत जाणं तर नकोच. तुम्ही रुग्णालयात आहात, एमआरआयच्या खोलीत लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२३ मध्ये ब्राझीलमध्ये आईला घेऊन आलेला एक माणूस कमरेच्या पिस्तुलासह त्या खोलीत गेला, चुंबकाने पिस्तूल ओढलं, गोळी सुटली आणि त्यात तो गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. कामावर जाताना पिस्तूल घरी ठेवा. बोटांच्या ठशांवर किंवा आकड्यांवर उघडणाऱ्या, भिंतीला जखडलेल्या तिजोरीत. मुलगा आठ वर्षांचा आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मग त्या रस्त्यावरच्या रात्रीचं काय? ती भीती खरी आहे आणि पिस्तूल घरी राहिलं म्हणून ती जाणार नाही. तिच्यासाठी दुसऱ्या गोष्टी करा. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीपासून एक गाडी मावेल एवढं अंतर सोडा, गिअर पहिल्यात ठेवा, क्लच दाबलेला, आणि बाजूने निसटायची वाट आधीच हेरून ठेवा. डोळे आरशात. कुणी मागे लागलं असं वाटलं तर घराकडे वळू नका. त्याला घर दाखवायचं नसतं. उजेडातला गजबजलेला पंप, अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणं यांपैकी काय कुठे आहे ते तुमच्या रोजच्या वाटेवर दिवसा एकदा फिरून बघून ठेवा. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ बसवा आणि आवाजावर ९११ लागतं का याची फोनच्या सेटिंगमध्ये खात्री करून घ्या. पुढे-मागे कॅमेरा लावा. पार्किंगपर्यंत सोबत द्यायला रुग्णालयाचा सुरक्षारक्षक येतो का, विचारा. बऱ्याच ठिकाणी ही सोय असते आणि लोक संकोचाने मागत नाहीत. आठवड्यातून एकदा वाट किंवा वेळ बदला. आणि कुणी हातवारे केले, शिवी दिली तर उत्तर देऊ नका. शस्त्र जवळ असताना तर मुळीच नाही. घाबरवण्यासाठी पिस्तूल नुसतं दाखवणं हाही गुन्हा ठरू शकतो, आणि शस्त्र बाळगणाऱ्याला भांडण करायची चैन परवडत नाही.

शनिवार-रविवारच्या फेऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे घरातून कमरेला लावलं ते घरी परतल्यावरच काढलं, असं जमू शकतं. जमत असेल तरच न्या. वाटेत थांबायच्या जागा आदल्या दिवशी बघा. टेक्सासमध्ये ३०.०६ असा क्रमांक लिहिलेला फलक असेल, इंग्रजी-स्पॅनिश, निदान एक इंच उंचीची अक्षरं, तर परवानाधारकानेही लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न तिथेच पिण्यासाठी विकलेल्या दारूचं असतं तिथेही नाही. बाईकवाल्यांचे गट नेमके अशाच ठिकाणी जेवायला थांबतात. गटाला आधी सांगा की दुसरीकडे थांबू, किंवा त्या दिवशी पिस्तूल नेऊ नका. आणि दारूचा घोट नाही, बाईकसाठीही नाही आणि शस्त्रासाठीही नाही.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ किंवा त्याहून अधिक वयाच्या, कायद्याने बंदी नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. म्हणून काहीजण तुम्हाला म्हणतील की परवाना उगाच काढलात. उगाच नाही. शाळेपासून १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्याला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि त्याच राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. बाईकवर दिवसभरात किती शाळांवरून जातो ते मोजून बघा. मात्र तुमचा परवाना कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. अशा राज्यातून फक्त पुढे जायचं असेल तर १९८६ चा केंद्रीय कायदा आधाराला आहे, पण पिस्तूल रिकामं हवं आणि पिस्तूल आणि गोळ्या सहज हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद डब्यात हव्यात. निघायच्या आधी प्रत्येक राज्याचे नियम त्या राज्याच्या अधिकृत पानावरून त्याच आठवड्यात वाचा. ते बदलत राहतात.

तुमच्यासारखंच विचारणाऱ्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. पण एच-वन-बी किंवा त्यावर आधारलेल्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानुसार शस्त्र किंवा गोळ्या बाळगणं सहसा वर्ज्य आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे थोडे अपवाद आहेत. राज्याने परवानगी दिली म्हणून केंद्राची बंदी सुटत नाही. मित्राचं पिस्तूल "जरा सांभाळून ठेव" म्हणून घेतलं तरी ते बाळगणंच झालं. पकडलं गेलं तर व्हिसा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नका.

पोलिसांनी थांबवलं तर इंजिन बंद करा, दोन्ही हात हँडलवर दिसतील असे ठेवा आणि काहीही काढायच्या आधी शांतपणे सांगा: माझ्याकडे परवाना आहे, शस्त्र उजव्या कमरेला आहे, मी काय करू? टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितलं की शस्त्राचा परवानाही दाखवायचा असतो. दोन्ही कार्डं जॅकेटच्या डाव्या, वरच्या खिशात ठेवा. म्हणजे कागद काढताना हात कमरेकडे जाणार नाही. एवढ्या एका सवयीने समोरच्या अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि आपलाही.

आणि पडलात तर? शुद्धीवर असाल तर मदतीला आलेल्या पहिल्या माणसाला नाही, पहिल्या पॅरामेडिकला किंवा पोलिसाला सांगा. स्वतः पिस्तूल उपसू नका. होल्स्टर चेपलं असेल, तडकलं असेल, आत ट्रिगर कशाला टेकलाय ते तुम्हाला दिसत नाही. क्लिपा सोडवून पिस्तुलासकट अख्खं होल्स्टर एकत्र काढता येतं, आणि ते त्यांनाच करू द्या. गटातल्या एका विश्वासू व्यक्तीला निघायच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही बेशुद्ध असाल तर ती सांगेल. बाकीच्यांना सांगायची गरज नाही. पडल्यानंतर पिस्तूल जाणकार कारागिराकडून तपासून घ्या आणि ते होल्स्टर फेकून द्या. हेल्मेट जसं एका आपटण्यानंतर बदलतो, तसंच.

फोटो काढून झाले की मला कळवा, बाईक कोणती तेही लिहा. बसण्याची ढब कळली की होल्स्टरचा कोन किती तिरपा हवा ते सांगता येईल. तोवर एक काम आज करा. कपाटातून ते जॅकेट काढा, आतली कड उलटी करा, दोरीचे दोन्ही मणी शोधा आणि कात्रीने कापून टाका.